हौशी रेडिओ मंडळ

हौशी रेडिओ मंडळ : आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता केवळ आवड, स्वयंशिक्षण व प्रयोग यांसाठी बिनतारी संदेशांचे प्रेषण व ग्रहण करणाऱ्या परवानाधारक व्यक्तींची स्थानिक संघटना. अशा व्यक्तीला जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. हा शब्द मूळचा धंदेवाईक तारायंत्रचालकांच्या बोलीतील असून मोर्सची कळ ओबडधोबड हाताने दाबणाऱ्या नवशिक्यास उद्देशून तो उपहासाने वापरला जाई. पुढे हौशी मंडळींनी तोच अभिमानाने स्वीकारला. हॅमचे केंद्र बहुधा घरातच असते. एक प्रेषक, एक ग्राही, गच्चीवर ताणलेला आकाशक आणि शासनाने नेमून दिलेले संकेतनाम एवढी त्याची सामग्री. परवाना व्यक्तीच्या नावे मिळतो, परीक्षा व्यक्तीला द्यावी लागते व नियमभंगाची जबाबदारीही व्यक्तीवरच असते. तथापि या छंदाचा इतिहास पाहता त्यातील टिकाऊ ठरलेले बहुतेक कार्य गावोगावच्या लहान मंडळांतून झालेले आढळते. संदेशांची साखळी, लघुतरंगांच्या सामर्थ्याची प्रचीती, भारतातील नभोवाणीचा आरंभ व आपत्कालीन सेवा ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्याचबरोबर असेही दिसते, की मंडळाने उभारलेले काम मोठे झाले म्हणजे ते अधिक बलिष्ठ संस्थेच्या हाती गेले आणि मूळ मंडळ मागे पडले. न्यूयॉर्क, हार्टफर्ड व मद्रास येथील मंडळांची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे.

प्रारंभ : गूल्येल्मो मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून आलेला बिनतारी संकेत न्यू फाउंडलंड येथे ग्रहण केला. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ग्रेट ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील शाळकरी मुलांत बिनतारी संदेशवहनाचे वेड झपाट्याने पसरले. मोटारगाडीतील प्रज्वलन वेटोळ्यापासून ठिणगी प्रेषक बनविता येई आणि गॅलीना या खनिजाच्या स्फटिकावर बारीक तार टेकवून ग्राहीचे काम भागे. परवाना लागत नसे, संकेतनाम ज्याचे त्यानेच ठरवावयाचे. याचा परिणाम असा झाला, की एकाच गल्लीतील चारपाच मुले एकदम ठिणग्या पाडू लागली, की कोणाचेच काही ऐकू येत नसे. हौशी मंडळांच्या जन्माचे एक कारण म्हणजे हा गोंगाट होय : कोणी केव्हा बोलावे व केव्हा थांबावे, हे आपापसांत ठरविल्याशिवाय छंद चालणेच शक्य नव्हते.

न्यूयॉर्क शहरातील अँसोनिया हॉटेलात २ जानेवारी १९०९ रोजी काही मुलांनी ‘ज्युनिअर वायरलेस क्लब’ स्थापन केला. डब्ल्यू. ई. डी. स्टोक्स (धाकटे) हा मुलगाच त्याचा पहिला अध्यक्ष होता व रेडिओ अभियंते रेजिनल्ड फेसेंडेन हे मुलांचे मार्गदर्शक होते. १९१० मध्ये हौशी प्रेषणावर निर्बंध घालणारे विधेयक अमेरिकेच्या सिनेटपुढे आले, तेव्हा मंडळाची बाजू मांडण्यासाठी हा अध्यक्ष वॉशिंग्टनला जाऊन समितीपुढे उभा राहिला. १९११ मध्ये मंडळाने ‘रेडिओ क्लब ऑफ अमेरिका’ हे नाव धारण केले. यांशिवाय सिडनी येथे १९१० मध्ये स्थापन झालेली संस्था पुढे ‘वायरलेस इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलिया’ म्हणून प्रसिद्धीस आली, इंग्‍लंडमधील डर्बी येथे १९११ मध्ये मंडळ निघाले आणि जुलै १९१३ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या मंडळातून ‘रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन’ ही संस्था विकसित झाली.

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाज बुडाले. बचावकार्याच्या बातम्यांत जो गोंधळ झाला त्याचे खापर काही अंशी हौशी प्रेषकांवर फोडण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झालेल्या अमेरिकी कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि सामान्य हौशी केंद्रांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबी नेमून दिली. तरंगलांबी जितकी मोठी तितका संदेश दूर जातो, अशी त्या काळची समजूत होती. आयनांबराच्या परावर्तनाचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते. त्यामुळे २०० मी.खालचा पट्टा कवडीमोलाचा समजला जाई व तो हौशी मंडळींना देण्यात औदार्य कोणते नव्हते, पाचपन्नास किमी.च्या आत आपापसांत खेळत बसावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पुढील बारा वर्षांचा इतिहास म्हणजे या अपेक्षेला स्थानिक मंडळांनी दिलेले उत्तर होय.

हार्टफर्डचे मंडळ : कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड या गावी जानेवारी १९१४ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ हार्टफर्ड’ स्थापन झाला. गावातील शाळा-महाविद्यालयांतील मुले व काही प्रौढ अशी त्याची घडण होती. क्लॅरन्स टस्का हा सतरा-अठरा वर्षांचा तरुण मंडळाचा चिटणीस होता. सभासदांत हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९—१९३६) हे अभियंतेही होते. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हेन्झ मॅक्सिम हे त्यांचे वडील. बंदुकीचा आवाज दाबणारे साधन शोधून काढल्यामुळे पर्सी मॅक्सिम यांचेही नाव झालेले होते. आपल्या मुलाच्या नादाने ते या छंदात शिरले आणि चाळिशी उलटलेला हा कारखानदार टस्काकडून यंत्राचे सुटे भाग विकत घेऊ लागला. वयाने, शिक्षणाने व सांपत्तिक स्थितीने इतकी भिन्न माणसे एका टेबलाशी येण्याचे स्थान म्हणून या मंडळाकडे पाहिले पाहिजे. हौशी मंडळांचे हे वैशिष्ट्य आजतागायत टिकून आहे.

एप्रिल १९१४ मध्ये मॅक्सिम यांना ऑडिऑन ही त्या काळी दुर्मिळ असलेली इलेक्ट्रॉन नलिका हवी होती. ती सु. ४० किमी.वरील स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी चालकाकडून मिळण्यासारखी होती. पण मॅक्सिम यांचे केंद्र शक्तिशाली असूनही त्या रात्री त्याचा संकेत तेथपर्यंत पोहोचेना. तेव्हा दोन्ही गावांच्या दरम्यान असलेल्या विंडसर लॉक्स येथील एका ओळखीच्या चालकास त्यांनी गाठले व त्याने तो निरोप पुढे पाठविला. घटना क्षुल्लक, परंतु मॅक्सिम यांना तीतून मोठी कल्पना सुचली. प्रत्येक गावात एक विश्वासू केंद्र असेल आणि ते शेजारच्या गावाचा निरोप पुढे सरकवीत राहील, तर २०० मी.चे बंधन असूनही संदेश देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकेल. खांदेपालट करीत पालखी जशी गावोगाव पुढे जाते, तसाच हा प्रकार होता. त्याच महिन्याच्या बैठकीत त्यांनी ही योजना मांडली, मंडळाने ती आपल्या विद्यमाने चालविण्यास मान्यता दिली व तिला ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ असे नाव पडले. मे महिन्यात कामास प्रारंभ झाला. मॅक्सिम व टस्का यांनी गावोगावच्या चालकांस पत्रे व अर्जाचे नमुने धाडले. केंद्राची शक्ती किती, ते किती अंतरापर्यंत ऐकू जाते, चालक रात्री किती वाजेपर्यंत जागा असतो, अशा माहितीचा त्यात समावेश असे. वर्ष संपण्यापूर्वीच दोनशेहून अधिक केंद्रे नोंदली गेली.

येथेच मंडळ व लीग यांच्यात अंतर पडू लागले. हार्टफर्डच्या सभासदांना गावापुरता छंद व साप्ताहिक बैठक हवी होती. लीगचा पत्रव्यवहार देशभर पसरलेला होता आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. अखेर १९१५ च्या प्रारंभी लीगची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी करण्यात आली. डिसेंबर १९१५ पासून मॅक्सिम व टस्का यांनी स्वखर्चाने ‘क्यूएसटी’ हे मासिक सुरू केले. ‘सर्व केंद्रांनी ऐकावे’ या अर्थाचा हा संकेत आहे. लीगचे मुख्यालय पुढे हार्टफर्डनजीकच्या न्यूइंग्टन येथे स्थिरावले. या सर्वांचा उगम ज्या मंडळात झाला त्याचे नाव मात्र लीगच्या इतिहासाच्या पहिल्या पानापुरतेच उरले.

साखळीची कसोटी लवकरच लागली. फेब्रुवारी १९१७ मध्ये पूर्व किनाऱ्यावरून निघालेला संदेश टप्प्याटप्प्याने पश्चिम किनाऱ्यास पोहोचून त्याचे उत्तर दीड तासाच्या आत परत आले. दोनच महिन्यांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली व सर्व हौशी केंद्रे बंद करून आकाशक उतरविण्याचा हुकूम निघाला. ग्रहणासही बंदी होती. त्या वेळी देशात सु. ६,००० परवानाधारक होते व त्यांतील मोठा भाग सैन्यात व नौदलात बिनतारी चालक म्हणून दाखल झाला. युद्ध संपल्यावर बंदी उठेल ही अपेक्षा खोटी ठरली. सर्व बिनतारी संदेशवहन नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचे विधेयक १९१८ च्या अखेरीस अमेरिकी संसदेत आले. ते संमत झाले असते, तर हौशी रेडिओचा तेथेच शेवट होता. लीगजवळ तेव्हा पैसा नव्हता, मासिक बंद होते आणि सभासद अद्याप परदेशात होते. मॅक्सिम यांनी समितीपुढे साक्ष दिली. तथापि निकाल फिरला तो मुख्यतः गावोगावच्या जुन्या मंडळांतील सभासदांनी व त्यांच्या पालकांनी आपापल्या प्रतिनिधींस धाडलेल्या पत्रांमुळे. विधेयक बारगळले व १९१९ मध्ये प्रथम ग्रहणाची आणि नंतर प्रेषणाची मुभा मिळाली.

अटलांटिकपार : युद्धोत्तर काळात निर्वात नलिका सुलभ झाल्या. अमेरिकी हौशी केंद्रांचे संकेत यूरोपात ऐकू येतात काय, हे पाहण्याचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९२१ मध्ये झाला व तो पूर्णपणे फसला. दोष प्रेषकांचा की ऐकणाऱ्यांच्या ग्राहींचा, हे ठरविण्यासाठी लीगने पॉल गॉड्‌ली या निष्णात ग्राहीतज्ञास ब्रिटनला धाडले. तिकडे न्यूयॉर्कच्या ‘रेडिओ क्लब ऑफ अमेरिका’च्या सहा सभासदांनी याच चाचणीसाठी कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथे आपल्यापैकी मिंटन क्रॉंकाइट यांच्या केंद्राच्या जागी नवा प्रेषक उभारला. इतर पाच जण अर्नेस्ट एमी, एडविन आर्मस्ट्राँग, जॉर्ज बर्गार्ड, जॉन ग्रिनन व वॉकर इनमन हे होते. यांतील आर्मस्ट्राँग यांनी पुढे कंप्रता विरूपणाची पद्धती विकसित केली. सर्वांनी आपापली साधने एकत्र आणली व आळीपाळीने रात्रपाळ्या वाटून घेतल्या. ‘१बीसीजी’ हे त्या केंद्राचे संकेतनाम होते.

गॉड्‌ली यांनी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रोसन येथे समुद्राकाठच्या शेतात तंबू ठोकला आणि अमेरिकेच्या दिशेने शेकडो मीटर लांबीची तार खांबांवर आडवी ताणली. डिसेंबरचा पाऊस, वारा व गळका तंबू अशा स्थितीत ते व त्यांच्यासोबतचे निरीक्षक रात्रीमागून रात्र कानाला ग्राही लावून बसत. ग्रीनिचच्या केंद्राचा संकेत त्यांना स्पष्टपणे मिळाला आणि ११—१२ डिसेंबर १९२१ च्या रात्री त्या केंद्राने धाडलेला संपूर्ण संदेश त्यांनी उतरवून घेतला. संदेशात गॉड्‌ली यांचे अभिनंदन व सहा चालकांची नावे एवढेच होते. वापरलेली तरंगलांबी सु. २३० मी. आणि शक्ती सु. १ किवॉ. होती. त्या काळच्या व्यापारी कंपन्या याच कामासाठी कित्येक किमी. लांबीच्या तरंगलांबींवर शेकडो किवॉ. शक्ती खर्च करीत. कवडीमोल समजल्या गेलेल्या पट्ट्याचे मोल त्या रात्री जगास कळून आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये वेस्ट हार्टफर्ड येथील फ्रेड श्नेल व फ्रान्समधील नीस येथील लेआँ दलुआ यांच्यात सु. ११० मी. तरंगलांबीवर दुतर्फा संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील शेतकरी फ्रँक बेल यांच्याशी ज्याने संपर्क साधला तो सेसिल गॉयडर हा लंडनच्या मिल हिल शाळेतील विद्यार्थी होता आणि केंद्र शाळेचे होते. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना जोडणारा हा दुवा होता. त्यानंतर व्यापारी कंपन्या व सरकारे लघुतरंगांकडे धावली आणि हौशी मंडळींना आपल्याच शोधाच्या प्रदेशात अरुंद पट्ट्यांवर समाधान मानावे लागले. ते पट्टे तरी शिल्लक राहावेत म्हणून एप्रिल १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना करण्यात आली.

भारतातील मंडळे : भारतात बिनतारी संदेशवहन १८८५ च्या तार अधिनियमानुसार सरकारच्या पूर्ण अधिकाराखाली होते व प्रायोगिक परवाने मोजकेच दिले जात. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू (संकेतनाम २जेके) यांनी १९२१ मध्ये केंद्र चालविले. ते भारतातील पहिले हौशी चालक मानले जातात. त्यांच्या पाठोपाठ मुकुल बोस (२एचक्यू) यांचे नाव येते. ऑगस्ट १९२१ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तार खात्याच्या साहाय्याने मुंबईहून संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला व लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. पश्चिमेत हौशी मंडळे मुख्यतः परस्परसंवादासाठी निघाली. भारतात मात्र त्यांचा ओढा आरंभापासूनच कार्यक्रम ऐकविण्याकडे होता. याचे कारण उघड आहे. बोलणारे परवानाधारक बोटांवर मोजण्याइतके, ऐकू इच्छिणारे मात्र पुष्कळ होते. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये व कलकत्त्याच्या क्लबने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपणास सुरुवात केली. मुंबईत कुलाब्याच्या समुद्रकाठी ‘रेडिओ क्लब’ हे नाव अजूनही रूढ आहे. मात्र त्या नावाची विद्यमान संस्था केवळ सामाजिक व मनोरंजनपर स्वरूपाची असून नावातील रेडिओचा उलगडा तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यास सहसा होत नाही.

यांपैकी सर्वांत शिस्तबद्ध कार्य मद्रासच्या मंडळाचे होय. १६ मे १९२४ रोजी ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन झाला. गव्हर्नर व्हायकाउंट गोशेन हे त्याचे आश्रयदाते, तर सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी हे चिटणीस व खऱ्या अर्थाने प्राण होते. चेट्टी हे विद्युत् अभियंते होते आणि इंग्‍लंडहून आणलेल्या सुट्या भागांपासून त्यांनी प्रेषक जुळविला. एग्मोर भागातील हॉलोवेज गार्डन येथून ३१ जुलै १९२४ रोजी ४० वॉ. शक्तीच्या प्रेषकावरून प्रक्षेपण सुरू झाले. पुढे २०० वॉ.चा प्रेषक आला. सायंकाळी काही तास संगीत व भाषणे होत. सभासदांपैकीच कोणी निवेदन करी, कोणी यंत्रे सांभाळी, तर कोणी गायक-वादकांस घेऊन येई. दक्षिणेतील घराघरांत कर्नाटक संगीत प्रथम ऐकू आले ते या हौशी खटाटोपातून. पण वर्गण्या व देणग्या यांवर दररोजचे प्रक्षेपण चालविणे हे मंडळाच्या आवाक्याबाहेरचे होते. वर्गणी देणाराही ऐके आणि न देणाराही ऐके. हवेत सोडलेला सूर सभासदांपुरता राखता येत नाही, ही अडचण कोणत्याच मंडळाला सोडविता आली नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये पैशाअभावी क्लबने प्रक्षेपण थांबविले.

मद्रासची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. क्लबने आपला प्रेषक मद्रास महानगरपालिकेस दिला व पालिकेने १ एप्रिल १९३० पासून रिपन बिल्डिंगमधून नियमित सेवा सुरू केली. सायंकाळच्या संगीताबरोबरच पालिकेच्या शाळांसाठी संगीताचे पाठ व गोष्टी प्रक्षेपित होत आणि उद्यानांत व समुद्रकिनाऱ्यावर ध्वनिक्षेपक बसवून कार्यक्रम ऐकविले जात. ग्राही विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांपर्यंत नभोवाणी पोहोचविण्याचा भारतातील हा बहुधा पहिला पद्धतशीर प्रयत्न होय. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले, तेव्हा पालिकेची सेवा बंद झाली. दरम्यान मुंबई (२३ जुलै १९२७) व कलकत्ता (२६ ऑगस्ट १९२७) येथे केंद्रे उघडणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीदेखील १९३० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत निघाली. भांडवलदार कंपनीला जे तीन वर्षांपेक्षा अधिक काळ जमले नाही ते हौशी मंडळाने तितकाच काळ चालविले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी साधन जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करण्यात आले व प्रेषक सरकारजमा करण्याचा आदेश निघाला. या बंदीला छेद देणारा एक अध्याय मुंबईत घडला. ‘छोडो भारत’ आंदोलनात २७ ऑगस्ट १९४२ पासून ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र बोलू लागले. त्याच्या प्रेषकाच्या उभारणीत युद्धापूर्वी हौशी परवाना असलेल्या नरिमन प्रिंटर यांचे तांत्रिक साहाय्य होते. जागा वारंवार बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत टिकले. उषा मेहता यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. छंद म्हणून संपादन केलेले कौशल्य सत्तेला धोकादायक वाटू शकते, हे यातून दिसले. स्वातंत्र्योत्तर काळातही परवान्याच्या अर्जासोबत पोलीस चौकशी व दीर्घ प्रतीक्षा चालू राहिली, तीमागे हीच धास्ती असावी.

मे १९४८ मध्ये महू येथील सैनिकी सिग्नल शाळेत हौशी रेडिओ चालकांच्या अखिल भारतीय संस्थेचा पाया घातला गेला व पुढे तिचे कार्यालय दिल्लीस गेले. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात तयार यंत्रे आयात करणे दुरापास्त होते. युद्धोत्तर सैनिकी भंगारातील ग्राही दुरुस्त करणे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत एकेक भाग शोधत फिरणे व जुन्या रोहित्राचे वेटोळे उकलून नवे गुंडाळणे हाच छंदाचा मोठा भाग होता. १९७८ मध्ये हौशी सेवेचे स्वतंत्र नियम आले. १९८० नंतरच्या दशकात आयात शुल्कात सवलत मिळाली आणि संख्या वाढू लागली. पंतप्रधान राजीव गांधी (संकेतनाम व्हीयू२आरजी) हे स्वतः परवानाधारक हॅम होते.

मंडळाचे दैनंदिन जीवन : मंडळाची जागा क्वचितच स्वतःची असते. एखाद्या शाळेचा वर्ग, महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा ज्येष्ठ सभासदाच्या घरची गच्ची यावर काम भागते. रविवारी सकाळी परीक्षेची तयारी करणारे उमेदवार जमतात. त्यांना विद्युत् मंडले, नियम व मोर्स संकेतावली शिकविणारा सभासद मोबदला घेत नाही. त्यालाही पूर्वी कोणी तरी तसेच शिकविलेले असते. मोर्स कागदावरील ठिपके-रेघांवरून पाठ करू नये, तर कानाने तालासारखी उचलावी, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मंडळात दिला जातो. तबल्याचे बोल जसे लिहून येत नाहीत, तसेच हे आहे. परवाना येईपर्यंत उमेदवार मंडळाच्या केंद्रावर बसून ऐकतो. ऐकण्याचा हा काळ वाया जात नाही, कारण बोलण्यापूर्वी पट्टा मोकळा आहे काय हे पाहणे व दुसऱ्याचे बोलणे तोडू नये हे शिष्टाचार त्यातच अंगवळणी पडतात.

ठरलेल्या वेळी ठरलेल्या कंप्रतेवर सर्व सभासद एकत्र येतात, त्यास ‘नेट’ म्हणतात. एक जण सूत्रे सांभाळतो, बाकीचे क्रमाने हजेरी देतात. कोणाचा आवाज कसा येतो, कोणाचा आकाशक वाऱ्याने पडला, कोणाकडे जादा ट्रँझिस्टर आहे, अशा गोष्टींची देवघेव होते. राजकारण, व्यापार व तिऱ्हाइताचे निरोप यांना एरवी मज्जाव असतो. संभाषण झाल्यावर परस्परांना धाडावयाची चित्रमय पत्रे, म्हणजे ‘क्यूएसएल कार्डे’, मंडळाच्या पत्त्यावर गठ्ठ्याने येतात व बैठकीत वाटली जातात. कधी एखादा सभासद छोटा प्रेषक घेऊन गावात लपतो आणि बाकीचे दिशादर्शक आकाशकाच्या साहाय्याने त्याला शोधून काढतात. अशा शोधास ‘फॉक्स हंट’ म्हणतात. वर्षातून एकदोनदा डोंगरमाथ्यावर तंबू ठोकून, विजेच्या जोडणीविना, संचायक विद्युत् घटांवर चोवीस तास केंद्र चालविण्याचा उपक्रम होतो. वरवर पाहता ही सहल असते. प्रत्यक्षात गावातील वीज व दूरध्वनी एकाच वेळी नष्ट झाल्यास काय करावे, याची ती तालीम होय. निरोपादाखल ‘७३’ हा तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला अंक वापरतात. सभासद निवर्तला, तर त्याची कळ मूक झाली असे म्हणतात आणि त्याची यंत्रे विकण्यास कुटुंबीयांना मंडळ मदत करते. ती पुष्कळदा नवशिक्यांच्या हाती येतात.

आपत्काल : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात हौशी चालकांनी केंद्रे उभारून मदतकार्याचे संदेश हाताळले. ऑक्टोबर १९९९ मधील ओरिसातील चक्रीवादळ व २६ जानेवारी २००१ रोजीचा कच्छमधील भूकंप या प्रसंगीही हेच झाले. हौशी चालकाचे यंत्र दूरध्वनीपेक्षा श्रेष्ठ असते असे नव्हे. त्याला मनोरे, तारा व केंद्रीय विनिमयघर यांची गरज नसते, एवढेच त्याचे बळ आहे. अर्थात सरावलेला चालक, चालू स्थितीतील घट व अगोदर ठरलेली कंप्रता नसतील, तर यंत्र असून उपयोग होत नाही. म्हणूनच जेथे नित्याचा नेट चालू होता तेथे मदत लवकर पोहोचली.

डिसेंबर २००४ मधील अंदमानचा प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. या बेटांवर हौशी प्रेषणास अनेक वर्षे परवानगी नव्हती. हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथकास ती मोठ्या प्रयासाने मिळाली व डिसेंबरच्या प्रारंभी त्यांचे केंद्र पोर्ट ब्लेअर येथे सुरू झाले. जगभरच्या हौशी मंडळींना अंदमानशी संपर्क साधण्याची संधी देणे, एवढाच त्यामागील हेतू होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला व त्यापाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दूरध्वनी संपर्क तुटला. पथकाने छंदाचे संभाषण तत्काळ थांबविले आणि सुखरूप असलेल्यांची नावे, बेपत्तांची चौकशी व प्रशासनाचे निरोप मुख्य भूमीवरील हौशी केंद्रांकडे पाठविण्यास सुरुवात केली. पुढे कार निकोबार बेटावरही केंद्र नेण्यात आले. तिकडे मुख्य भूमीवरील ठिकठिकाणच्या मंडळांचे सभासद पाळीपाळीने कंप्रता राखून बसले होते; मिळालेली नावे उतरवून ते नातेवाइकांना दूरध्वनी करीत.

पुढील वर्षी, ५ मे २००५ रोजी, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने हौशी चालकांसाठी ‘हॅमसॅट’ हा ४२·५ किग्रॅ. वजनाचा उपग्रह कक्षेत सोडला. साध्या हातातील आकाशकाने तो वापरता येत असल्याने अनेक महाविद्यालयीन मंडळांनी त्याद्वारे पहिले उपग्रह-संभाषण केले. जुलै २०१४ मध्ये त्याचे कार्य थांबले. अमेरिकेत परवानाधारकांची संख्या सात लाखांवर असताना भारतात ती त्या मानाने फारच थोडी आहे. येथील नियमांनुसार महाविद्यालय, शाळा वा मंडळ यांच्या नावेही केंद्राचा परवाना मिळू शकतो. मात्र त्याची सूत्रे परवानाधारक व्यक्तीच्याच हाती असावी लागतात.